ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

"संगणकावर गेम अडकत चालतो, नवे ग्राफिक्स कार्ड हवे," ही मागणी दहावी-बारावीच्या मुलांकडून घरोघरी होते. घरातला संगणक चार-पाच वर्षांचा असतो, कार्डांच्या किमती काही हजारांपासून लाखापलीकडे पसरलेल्या असतात आणि सल्ला देणारा बहुधा दुकानदारच असतो. पैसे मोजके असतील तर ते कशावर खर्च करावेत? हा प्रश्न मुख्यतः मोजमापाचा आहे. थोडे अंकगणित आणि एक सोपा प्रयोग यांच्या साहाय्याने त्याचे उत्तर आपण शोधू या.

चित्र कसे तयार होते?

पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात. गेममधले चित्र मात्र खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर, त्याच क्षणी काढावे लागते. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. एका चित्रासाठी मिळतात फक्त १६.७ मिलिसेकंद.

हे काम दोघे वाटून घेतात. खेळाडू कुठे आहे, चेंडू कुठे आदळला, पुढे काय दाखवायचे हे प्रोसेसर ठरवतो. प्रत्यक्ष रंग भरण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. प्रोसेसरमध्ये मोजकेच, पण अवघड कामे भराभर करणारे गणक असतात. कार्डात साधे गणक शेकड्यांनी किंवा हजारांनी असतात. एखादे कठीण गणित एकटा हुशार विद्यार्थी लवकर सोडवील, पण हजार बेरजा करायच्या तर सारी शाळा कामाला लावणेच बरे. बहुतेक बिंदूंचे रंग एकमेकांवर अवलंबून न राहता काढता येतात, म्हणून ही वाटणी जमते.

अडते कुठे?

स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो. पोळ्या किती वेगाने तयार होतील हे दोघांपैकी जो हळू, त्याच्यावर ठरते. संगणकातही प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करत असताना कार्ड आधीचे चित्र रंगवत असते.

समजा, एका चित्रासाठी प्रोसेसरला २० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ३०. मग दर ३० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ चित्रे मिळतील. आता १० मिलिसेकंदांत काम उरकणारे महागडे कार्ड बसवले, तर चित्रे १०० होतील का? नाही. आता प्रोसेसर अडवील आणि चित्रे ५० वरच थांबतील. २० मिलिसेकंद घेणाऱ्या स्वस्त कार्डानेही साधारण तेवढीच चित्रे मिळाली असती. जास्तीचे पैसे वाया गेले.

करून पाहा

आपल्या संगणकात कोण अडवतो ते असे तपासता येते. बऱ्याच गेममध्ये सेकंदाला किती चित्रे येत आहेत हे दाखवण्याची सोय असते, ती चालू करा. चित्रसंख्येवर मर्यादा घातलेली असेल तर ती काढा. एका ठरावीक जागी उभे राहून आकडा टिपा. मग फक्त रेझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा आणि त्याच जागी पुन्हा आकडा टिपा. बिंदू ९,२१,६०० झाले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. कार्डाचे काम घटले. प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहिले. चित्रसंख्या बरीच वाढली तर कार्ड अडवत होते. आकडा जेमतेम हलला, तर नव्या कार्डाने फारसा फरक पडणार नाही.

डब्यावरचे आकडे

कार्डाच्या डब्यावर मेमरी ठळक छापलेली असते, पण ती किती आहे एवढेच पाहून चालत नाही. तिच्यातून माहिती किती वेगाने ये-जा करते हेही महत्त्वाचे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले. त्याचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट होता. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले, त्याचा वेग सुमारे १७ गिगाबाइट. नाव तेच, मेमरी दोन्हींत २ गिगाबाइट, पण गेममध्ये दुसरे बरेच मागे पडते.

दुसरा आकडा विजेचा. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक हवे असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. ती वायर नसेल तर एसएमपीएसचाही खर्च धरावा लागतो. २०१९ चे जीटीएक्स १६५० मूळ रचनेत ७५ वॅटमध्ये बसते, म्हणून त्याचे अनेक प्रकार वेगळ्या वायरीविना चालतात.

तिसरी गोष्ट स्लॉटची पिढी. एएमडीचे २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड माहितीचे चारच मार्ग वापरते. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्यातून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ४. कार्डाची स्वतःची ४ गिगाबाइट मेमरी भरली की हा फरक जाणवतो. म्हणजे नवे कार्ड जुन्या मदरबोर्डवर कमी काम देऊ शकते. कॅबिनेटमधली जागा पट्टीने मोजायलाही विसरू नये.

स्वस्त उपाय

वेगळे कार्ड नसलेल्या संगणकात चित्राचे काम प्रोसेसरमधला भाग करतो आणि त्यासाठी संगणकाचीच रॅम वापरतो. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती देते. दोन पट्ट्या योग्य जोडीने लावल्या तर ५१.२ गिगाबाइट. अशा संगणकात आधी दुसरी पट्टी घालून पाहावी. गेममधल्या सावल्यांची पातळी कमी करून पाहण्यास तर काहीच पैसे पडत नाहीत. आणि पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल, तर दीडशे चित्रे काढणारे कार्ड घेऊनही पडद्यावर दिसणार साठच.

प्रयोगशाळेत एखादे उपकरण संथ वाटले तर आम्ही ते बदलण्याआधी वेळ नेमका कुठे जातो ते मोजतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम टिपायचा, ही पद्धत आपण वर्गात लंबकाच्या प्रयोगात शिकवतोच. कार्ड मागणाऱ्या विद्यार्थ्याला आधी वरचा तक्ता भरून आणायला सांगावे. तो भरल्यावर काय घ्यावे, आणि काही घ्यावे की नाही, हे तोच घरी पटवून देऊ शकेल.