शाळेचा संगणक ‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी व केल्यानंतर

नेवासे तालुक्यातील घोडेगाव व त्याच्या आसपासच्या गावांतील प्राथमिक शाळांत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. वेतनाची देयके, पोषण आहाराचे हिशेब, विद्यार्थ्यांची माहिती ही सर्व कामे त्याच्याच आधारे चालतात. असा संगणक मंद झाला, वारंवार अडू लागला किंवा विषाणूंनी ग्रासला, म्हणजे कोणी तरी जाणकार सांगतो, “फॉरमॅट मारा आणि विंडोज नव्याने टाका.” हा सल्ला पुष्कळदा योग्य असतो, परंतु त्याची घाई कधीच योग्य नसते. सबब या क्रियेचे स्वरूप शिक्षकबंधुभगिनींना नीट कळावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

संगणकात माहिती साठविण्याचे जे स्थान, त्यास हार्ड डिस्क म्हणतात. अशी पहिली डिस्क १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने आपल्या ‘रॅमॅक’ या यंत्राबरोबर विक्रीस आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सर्व मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज त्याहून कितीतरी अधिक मजकूर नखाएवढ्या पट्टीवर राहतो. साधन बदलले, तरी मांडणीचे तत्त्व तेच आहे: एका बाजूस माहिती आणि दुसऱ्या बाजूस ती कोठे आहे हे सांगणारी सूची. झटपट फॉरमॅट करताना मुख्यतः ही सूची कोरी होते. जनरल रजिस्टराची अनुक्रमणिका फाडून टाकली, तर आतील पाने लगेच नाहीशी होत नाहीत, पण हवे ते पान सापडत नाही. तसेच हे आहे. त्यानंतर त्याच जागी नवी कार्यप्रणाली लिहिली गेली, की खालची जुनी अक्षरे कायमची पुसली जातात.

घोडेगावच्या बाजारात जनावर घेणारा शेतकरी आधी त्याचे दात व चाल पाहतो. त्याप्रमाणे प्रथम डिस्कची प्रकृती पाहावी. तिच्यातून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना वारंवार दोष दाखविला जात असेल, तर ती झिजलेली आहे, आणि फॉरमॅट हा तिच्यावरील उपाय नव्हे. अशा वेळी माहिती त्वरित काढून घ्यावी व डिस्कच बदलावी. जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एस.एस.डी. बसविल्यास जुना संगणकही बराच चपळ होतो.

यानंतरचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम नक्कल करून ठेवण्याचे. राज्याच्या किंवा केंद्राच्या संकेतस्थळावर भरलेली माहिती तेथील यंत्रात असते. ती आपल्या फॉरमॅटने जात नाही. परंतु निकालपत्रके, बैठकांची इतिवृत्ते, छायाचित्रे व पत्रव्यवहार हे आपल्याच डिस्कवर असतात. भेंडे व सोनई येथील साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात ऊसतोडणी कामगारांची जी मुले आपल्या शाळांत येतात, त्यांच्या याद्या व शिक्षण हमी पत्रकांच्या नोंदी कित्येक ठिकाणी केवळ संगणकातच असतात. त्या गेल्या, तर पुढच्या गावी ते मूल कोणत्या इयत्तेत बसवावे, हे सांगणारे कोणी उरत नाही. अनेकांची समजूत अशी असते की ‘डेस्कटॉप’वर ठेवलेले सुरक्षित असते. वस्तुतः डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स व पिक्चर्स ही चारही स्थाने बहुधा ‘सी’ विभागातच असतात, आणि कोरा होतो तो हाच विभाग.

नकला दोन कराव्यात, त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. शके १२१२ मध्ये याच तालुक्यातील नेवासे येथे सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी आज आपल्या हाती आहे, ती एका मूळ पोथीमुळे नव्हे. हातोहात झालेल्या नकलांमुळे. शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करता आली, तीही अशा प्रती उपलब्ध होत्या म्हणूनच.

मराठी शाळांना आणखी एक अडचण भेडसावते. जुनी कागदपत्रे श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये टंकित केलेली असतात. नव्या प्रणालीत हे फाँट आपोआप येत नाहीत. मग निकालपत्रक उघडते, पण देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. माहिती नष्ट झालेली नसते. तिचा पेहराव हरवलेला असतो. म्हणून ‘फाँट्स’ या फोल्डरचीही नक्कल अवश्य घ्यावी आणि यापुढील सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे.

आता प्रत्यक्ष क्रिया. प्रणाली बसविण्यासाठी किमान ८ जी.बी. क्षमतेचा पेनड्राइव्ह लागतो. तो तयार होताना त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून ज्यावर नकला आहेत तोच पेनड्राइव्ह यासाठी कदापि वापरू नये. प्रणाली निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जी.बी. स्मृती, ६४ जी.बी. जागा व टी.पी.एम. २.० ही सुरक्षा सोय लागते. ज्या जुन्या संगणकात ती नाही, त्यावर उबुंटू किंवा सी-डॅक या भारतीय संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही मुक्त प्रणाली बसविता येते. केरळातील सरकारी शाळांत अशा मुक्त प्रणाली अनेक वर्षे वापरात आहेत. मात्र आपला प्रिंटर व डिजिटल स्वाक्षरीचे साधन तीवर चालते की नाही, याची खात्री आधी करावी.

वीज मध्येच जाणार नाही अशी व्यवस्था करून पेनड्राइव्ह लावावा व बाहेरच्या इतर सर्व डिस्का काढून ठेवाव्यात. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. पुढे डिस्कचे विभाग दाखविणारी यादी येते. येथे त्वरा करू नये. विभागाचा आकार पाहून ‘सी’ कोणता हे ओळखावे व तेवढाच कोरा करावा. शंका वाटल्यास तेथेच थांबावे. थांबल्याने काही बिघडत नाही.

प्रणाली बसल्यावर प्रथम तारीख व वेळ तपासावी, कारण ती चुकीची असल्यास अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत. नंतर इंटरनेट, ध्वनी व प्रिंटर यांचे ड्रायव्हर घालावेत, अद्ययावत सुधारणा घ्याव्यात, मराठी कळफलक जोडावा, आणि विषाणूंची तपासणी करूनच नकला परत आणाव्यात.

शेवटची सूचना भंगारात निघणाऱ्या संगणकाविषयी. त्यात मुलांचे आधार क्रमांक व बँकेची खाती नोंदलेली असतात, आणि झटपट फॉरमॅटनंतरही ती शोधून काढता येतात. फिरत्या डिस्कवर पूर्ण फॉरमॅट चालवावा. विंडोजच्या अलीकडच्या सर्व आवृत्त्यांत त्यायोगे संपूर्ण विभागावर शून्ये लिहिली जातात. एस.एस.डी. साठी तिच्या निर्मात्याने दिलेली पुसण्याची सोय वापरावी.

दाखल-खारीज रजिस्टर आपण कुलपात ठेवतो, कारण त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक मूल असते. संगणकातील नोंदींकडेही त्याच दृष्टीने पाहिले, तर डिस्क कोरी करताना आपला हात आपोआप सावध राहील.