पाकिटावरचं नाव आणि देठावरची गाठ
(ओळख झाडांची : लेख नववा)

गेल्या आठवड्यात पानावरून झाडाची ओळख कुठपर्यंत पोचते ते पाहिलं. आज पान फारसं कामाला येत नाही असं एक झाड घेऊ: जिरेनियम. पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांच्या कठड्यांवर लाल झुबक्यांच्या ज्या कुंड्या असतात, त्या पाहिल्या नाहीत असा माणूस सातारा जिल्ह्यात विरळा. तिथली एक फांदी आणून साताऱ्यात खोचली तर ओळखीचा प्रश्नच येत नाही. फांदीतून आलेलं झाड म्हणजे तेच झाड, फक्त पत्ता बदललेला. घोळ होतो तो बियांनी. पाकीट घरपोच येतं, त्यावर निळ्या फुलाचं झकास चित्र आणि ‘हार्डी जिरेनियम’ अशी अक्षरं असतात. सांगली-मिरजेच्या गच्चीवर ते बी पेरलं जातं, त्यातली चार-दोन रोपं तगतात, आणि मग मालक विचारतो की हे नेमकं आहे तरी काय?

आधी ते जिरेनियमच्या कुळातलं तरी आहे का, हे पाहावं. कोवळेपणी गुलखैऱ्याचं रोपही असंच दिसतं: गोलसर, कातरलेल्या काठाचं, लव असलेलं पान. भिंग घेऊन ती लव पाहावी. गुलखैऱ्याच्या कुळात एकाच बिंदूतून चहूकडे फुटलेले, चांदणीसारखे केस असतात. जिरेनियमच्या कुळात केस सुटे असतात आणि त्यातल्या बऱ्याच केसांच्या टोकाला बारीक ग्रंथी असते. पान चुरगळल्यावर येणारा वास त्या ग्रंथींतल्या तेलाचा. मात्र नुसत्या वासावर नाव ठरवू नये. या कुळात लिंबाच्या, पुदिन्याच्या, गुलाबाच्या वासाची झाडं आहेत आणि जवळजवळ बिनवासाचीही आहेत.

कूळ ठरलं की खरा पेच येतो, आणि तो अडीचशे वर्षांचा जुना आहे. लिनियसने १७५३ साली ही सगळी मंडळी जिरेनियम या एकाच प्रजातीत घातली होती. १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यातली, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतली, झाडं वेगळी काढून त्यांना पेलार्गोनियम म्हटलं. शास्त्राने ते मान्य केलं, रोपवाटिकांनी मात्र आजतागायत केलेलं नाही. त्यामुळे पाचगणीच्या कठड्यावरचं जिरेनियम हे शास्त्राच्या लेखी पेलार्गोनियम आहे. खरं जिरेनियम समशीतोष्ण मुलखातलं, आपल्याकडे मुख्यतः हिमालयातलं. काश्मीर-हिमाचलच्या उतारांवर ते गवतात वाढतं. युरोपातल्या बागवानांना ‘हार्डी जिरेनियम’ म्हणून हेच अभिप्रेत असतं.

दोघांतला फरक फुलात आहे आणि तो घरच्या घरी पाहता येतो. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. फूल कसंही फिरवलं तरी रूप बदलत नाही. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या असतात, कधी आकाराने, कधी रंगाने, कधी नुसत्या रेषांनी. खऱ्या जिरेनियमला दहा पुंकेसर आणि बहुधा दहाही परागकोश. पेलार्गोनियममध्ये तंतू दहाच असतात, पण परागकोश जास्तीत जास्त सातांवर. मोजायचे तर नुकतं उमलणारं फूल घ्यावं, कारण परागकोश लवकर गळतात आणि शिळ्या फुलात मोजदाद फसते. शिवाय बाजारातली बरीच फुलं ‘डबल’ असतात. त्यांचे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात, तेव्हा ना पाकळ्यांचा मेळ लागतो ना केसरांचा.

अशा वेळी माझा भरवसा देठावर. पेलार्गोनियमच्या फुलामागून एक मकरंदाची नळी निघते. ती तेरड्याच्या शेपटीसारखी सुटी नसते, देठालाच चिकटून खाली उतरते आणि जिथे संपते तिथे एक बारीक गाठ येते. देठावरून नख फिरवलं तरी ती लागते. ब्लेडने आडवा छेद घेतला तर नळीचं भोक भिंगाखाली दिसतं. खऱ्या जिरेनियमच्या देठात असली नळी नसते. त्याचा मकरंद केसरांच्या बुडाशी पाच ग्रंथींत असतो. फूल कितीही डबल असो, कुठल्याही रंगाचं असो, ही एक खूण बहुधा दगा देत नाही.

फळ धरलंच तर दुधात साखर. दोन्ही फळांना लांब चोच असते आणि पिकल्यावर तिचे पाच भाग सुटतात. बहुतेक जिरेनियममध्ये हे भाग ताणातून सुटल्यासारखे वर वळतात आणि बी दूर भिरकावतात. पेलार्गोनियममध्ये प्रत्येक बीच्या मागे पिसासारख्या केसांची पिळदार शेपटी असते. ती वाऱ्यावर जाते आणि जमिनीवर पडल्यावर दमट-कोरड्या हवेने पीळ उलगडत-आवळत बी मातीत रुतवते.

गावात कुणी अभ्यासू माणूस असेल तर तो म्हणेल, कुक काढा ना! थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. तेच कॉलेज पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला आणि आजही त्याचं पान उलटल्याशिवाय सह्याद्रीतल्या झाडांचं काम होत नाही. पण कुकचं जिरेनियमचं कूळ उघडलंत तर तिथे तेरडे भेटतील. बेंथॅम आणि हूकर यांच्या तेव्हाच्या वर्गीकरणात तेरडा, आंबुशी, अगदी कमरकसुद्धा जिरेनियमच्याच कुळात होते. म्हणजे कासच्या पठाराला गुलाबी करणारा तेरडा त्या हिशेबाने जिरेनियमचा भाऊबंद! आज तेरड्याचं कूळ वेगळं आणि तेही फार दूरचं मानतात, आंबुशीचंही वेगळं.

गंमत सोडा, धोका निराळाच आहे. अशा ग्रंथातली किल्ली म्हणजे एकापुढे एक प्रश्न: फूल नियमित की अनियमित, शेपटी आहे की नाही. ती त्या मुलखात वाढणाऱ्या झाडांसाठी रचलेली असते, आणि तुम्ही कुठलंही झाड घेऊन बसा, ती काही ना काही उत्तर देतेच. अनियमित फूल आणि मकरंदाची नळी एवढ्यावर पुढे सरकलात तर केपटाऊनकडचं पेलार्गोनियम घेऊन तुम्ही साताऱ्याच्या तेरड्यापाशी उतरण्याचीच शक्यता जास्त. परदेशी बियांच्या रोपाला गावची किल्ली लावू नये. हे वाक्य वहीत लिहून ठेवण्याजोगं आहे.

बरं, प्रजाती कळली म्हणजे नाव कळलंच असंही नाही. बागेत शेजारी-शेजारी लावलेल्या जातींचा आपसात संकर होतो आणि बी त्या संकराचं निघतं. ‘रोझॅन’ हे जगभर लावलं जाणारं निळं जिरेनियम याच वाटेने आलं. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात वॉटरर दांपत्याच्या बागेत ते आपसूक उगवलं. त्याचे आईबाप दोन्ही हिमालयातले: जिरेनियम हिमालयेन्स आणि जिरेनियम वॉलिचियानम. दुसरं नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच यांच्यावरून. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१३ मध्ये चेल्सी प्रदर्शनाच्या शताब्दीत ‘रोझॅन’ला शतकातलं झाड म्हणून गौरवलं. पण ते वांझ आहे, त्याला बी धरत नाही. तेव्हा ‘रोझॅनचं बी’ म्हणून कुणी विकत असेल तर त्या पाकिटात दुसरं काहीही असेल, रोझॅन नसेल.

हाच मुद्दा आपल्याकडे पैशांशी येऊन भिडतो. महाराष्ट्रात अलीकडे तेलासाठी जिरेनियमची शेती करणारे शेतकरी आहेत. पाला कापून त्यातून वाफेवर तेल काढतात. त्याचा वास गुलाबाच्या जवळ जातो, कारण सिट्रोनेलॉल आणि जिरेनिऑल हे घटक दोन्हींत आहेत. हे झाडही पेलार्गोनियमच, आणि व्यापारातला प्रसिद्ध रेयुनियन वाण दोन आफ्रिकी जातींचा संकर आहे. म्हणून लागवड कटिंगच्या रोपांनी होते. तेलाच्या जिरेनियमचं स्वस्त बी कुणी एकराच्या हिशेबाने देऊ करत असेल तर खिशात हात घालू नये. सुवासिक पानांचं पेलार्गोनियम त्यातून येईलही, पण तेल तेच मिळेल याची हमी बी देऊ शकत नाही. उलट कुंडीतल्या लाल जिरेनियमचं मात्र बियांतून खात्रीने येणारं वाण आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने १९६०च्या दशकात ते काम केलं. त्याआधी तिथेही फांद्याच लावत.

आणि ‘हार्डी’? तो शब्द बर्फात टिकण्यापुरता आहे. सांगलीत बर्फ नाही, चाळिशीचा पारा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस आहे. युरोपात थंडीने मरणारं पेलार्गोनियम आपल्याकडे हिवाळा मजेत काढतं. पावसाळ्यात ते कुजू नये म्हणून आडोसा तेवढा लागतो. हिमालयी जिरेनियम मात्र आपल्या एप्रिल-मेपुढे टिकणं कठीण. थंडीत पाला भरघोस आला, फूल न दाखवताच उन्हाळ्यात झाड बसलं, तर ते खरं जिरेनियम असावं असा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. फुलाशिवाय नाव देऊ नये.

फूल आलंच तर एक फांदी फुलासकट, जमल्यास फळासकट, वर्तमानपत्रात दाबून वाळवा. सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, पाकळ्यांचा रंग, वास आणि बी कुठून आणलं ते लिहा. वाळल्यावर रंग उडतो, वास जातो, आणि बियांचा पत्ता झाड काही सांगत नाही. एक फूल देठासकट उभं चिरून वेगळं दाबा, म्हणजे नळी दिसेल. मगच कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम क्षेत्रीय केंद्रात विचारा. संकर निघाला तर तिथले जाणकारही बहुधा प्रजातीपर्यंतच येऊन थांबतील.

पुढच्या आठवड्यात कासचे तेरडे: शेपटीच्या लांबीवरून आणि पानांच्या मांडणीवरून.