चांदीला मालक मिळाला, माणसांचे काय?

‘रामदास’ बोटीचे नाव कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पण त्याच्या पाच वर्षे आधी मुंबईहूनच निघालेली ‘तिलावा’ बोट किती जणांना आठवते?

नोव्हेंबर १९४२. दुसरे महायुद्ध पेटलेले. तिलावा मुंबईहून मोंबासा, मापुटो आणि डर्बनकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसे होती. बरेचसे हिंदुस्थानी, कोणी पोटापाण्यासाठी, कोणी आफ्रिकेतल्या आपल्या माणसांकडे निघालेले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे सेशेल्स बेटांच्या ईशान्येला जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. पहिल्या माऱ्यानंतर बोट तरंगत राहिली. दुसऱ्याने ती तळाला गेली. २८० जीव गेले. दोन दिवसांनी ब्रिटिश युद्धनौका ‘बर्मिंगहॅम’ पोहोचली आणि तिने बहुतेक वाचलेल्यांना मुंबईला आणले.

पुढे सारे शांत झाले. ऐंशी वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, तिलावाच्या प्रवाशांचे वंशज मुंबईत एकत्र आले. बुडालेल्या बोटींच्या नावाने जगभर मेळावे होतात. तिथे पाणबुडे, इतिहासाचे अभ्यासक आणि हौशी मंडळी नकाशे मांडून बसतात. मुंबईचा मेळावा वेगळा होता. इथे लोक आपल्या माणसांची आठवण घेऊन आले होते.

या बोटीत माणसांबरोबर चांदीही होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विकत घेतलेल्या चांदीच्या २,३६४ विटा! तिलावा सुमारे अडीच किलोमीटर खोल पडली आहे. तिथे कोणी पाणबुड्या उतरू शकत नाही. तरी २०१७ मध्ये एका कंपनीने यंत्रांच्या मदतीने ही चांदी वर काढली आणि मोबदला मागितला. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२४ मध्ये निकाल लागला, की दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हा दावा चालणार नाही.

चांदीसाठी यंत्रे आली, वकील आले. माणसांसाठी मात्र त्यांची लेकरे-नातवंडेच आली.

बुडालेली बोट ही खजिन्याची पेटी आहे की कब्रस्तान? खरे अभ्यासक पाणबुडे याचे उत्तर कृतीतून देतात. पाहा, मोजा, फोटो काढा. वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी सुंची खडकाजवळच्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचा शिस्तीत अभ्यास केला. युनेस्कोचा २००१ चा करारही शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना जागेवरच जपायला प्राधान्य देतो. तिलावाला शंभर वर्षे २०४२ मध्ये होतील.

आपल्याला ही शिकवण नवी नाही. सापडलेली वस्तू ही अमानत असते; तिचा मालक शोधावा लागतो. हदीसमध्ये बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा सांगितला आहे. किनारा दूर असेल तर मय्यताला गुस्ल, कफन देऊन, जनाजाची नमाज अदा करून समुद्राच्या स्वाधीन केले जाते. म्हणजे समुद्रही कब्रच. कब्रीचा आदर राखणे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते.

कोकणातल्या आपल्या कित्येक घरांतले आजे-पणजे अशा बोटींवर खलाशी, टंडेल, सारंग होते. बोटीवरच्या नोकरीच्या दाखल्याला ते ‘नळी’ म्हणत. घरातल्या जुन्या ट्रंकेत ती नळी असेल, एखादे पत्र किंवा फोटो असेल, तर रद्दीत टाकू नका. दादा-दादी, नाना-नानी हयात असतील तोवर त्यांच्याजवळ बसा, बोटीचे नाव, गावाचे नाव, साल विचारून वहीत लिहा. कोणी समुद्रातच राहिला असेल तर त्याचेही नाव लिहा, आणि मुलांना सांगा, की यांच्यासाठीही मगफिरतची दुआ करायची.