चंचल मूल आणि आईचा शब्द

शाळेतून तक्रारीची चिठ्ठी आली की घरातला पहिला आरोप ठरलेला असतो: आईने लाडावून ठेवले. मूल जागेवर टिकत नाही, वही अर्धी टाकून उठते, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडते. या साऱ्याचे खापर जिच्या माथी फुटते, ती बहुधा त्याच मुलामागे दिवसभर धावून थकलेली असते.

वास्तविक अवधानाची उणीव आणि अतिचंचलता ही अवस्था, वैद्यकात जिला ‘एडीएचडी’ म्हणतात, संगोपनाच्या चुकीतून उद्भवत नाही. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन १९०२ सालीच केले होते. पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून आले.

मग आईच्या वागण्याला महत्त्व नाही काय? आहे, पण ते निराळ्या ठिकाणी. आठ वर्षांच्या मुलाला आपल्या मेंदूचे व्यवहार ठाऊक नसतात. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो शब्द. ‘डबा पुन्हा विसरलास’ हा कृत्यावरचा ठपका झाला. ‘तू असाच बेफिकीर’ हा त्या मुलावरचाच निकाल होय. असे निकाल रोज कानी पडले की मूल ते खरे मानू लागते आणि मग प्रयत्नच सोडते. अभ्यास करून नापास होण्यापेक्षा न करता नापास होणे त्याला कमी लाजिरवाणे वाटते. शिक्षक यालाच आळस म्हणतात!

परंतु आईचा कठोरपणा तरी येतो कोठून? रसेल बार्कले आणि चार्ल्स कनिंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण येथे उद्बोधक आहे. अतिचंचल मुलांना औषध दिल्यावर ती सांगितलेले अधिक ऐकू लागली, तेव्हा त्यांच्या मातांचे हुकूम सोडणेही कमी झाले. मातांना कोणी उपदेश केला नव्हता. म्हणजे त्यांचा तो करडा सूर पुष्कळ अंशी मुलाच्या वागण्याचा परिणाम होता.

हे चक्र कोठेतरी तोडावे लागते. सहा वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना औषधाआधी पालकांचे प्रशिक्षण सुचविते. त्यातील गोष्टी साध्या आहेत: जवळ जाऊन एका वेळी एकच सूचना देणे, जमलेल्या कामाची लगेच दखल घेणे, आणि शिक्षा आधी सांगितलेली व लहानशी ठेवणे. (पालक या शब्दात वडीलही येतात, शाळेच्या सभेला मात्र आईच दिसते.) दिवसभराच्या श्रमानंतर हा संयम एकटीने पाळणे कठीण आहे, आणि सासरच्या मंडळींचे टोमणे त्यात भरच घालतात.

शाळेचा भागही थोडा नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई करते. तरीही वर्गासमोर उभे करून आईचा उद्धार करण्याची रीत गेलेली नाही. चिठ्ठी पाठवायचीच, तर ‘आज चार गणिते जागेवर बसून सोडविली’ अशी एक ओळ तीत लिहिण्यास शिक्षकाला अर्धे मिनिट पुरते. त्या संध्याकाळी आईला मुलाशी बोलण्यास दुसरा विषय मिळेल.