गोमेचं बाळपण

पावसाळा लागला की अरवलीच्या टेकड्यांलगतच्या मानेसरात कुंड्यांखालून, मोरीच्या जाळीतून गोमा वर येऊ लागतात. तिथे गोमेला कानखजूरा म्हणतात आणि दिसताक्षणी चप्पल उगारतात. आपल्याकडेही निराळं घडत नाही. मोठी गोम चावली तर जीव कळवळतो, त्यामुळे भीती खोटी नाही. पण या प्राण्याचं बाळपण एकदा समजून घ्यायलाच हवं.

भिंतीवरून सरसर पळणारी, लांबलचक पायांची स्क्युटिजेरा ही गोम अंड्यातून निघते तेव्हा तिला पायांच्या अवघ्या 4 जोड्या असतात. कात टाकता टाकता 5, 7, 9, 11, 13 असं करत ती 15 जोड्यांवर थांबते.

दगडाखाली सापडणाऱ्या जाडजूड, चपट्या स्कोलोपेंड्राची तऱ्हा वेगळी. तिची पिल्लं पूर्ण पाय घेऊनच जन्मतात, बहुतेक जातींत 21 जोड्या. मात्र ती पांढरीफटक, लिबलिबीत असतात. ना चालता येत, ना खाता. अंड्यातल्या बलकाच्या शिदोरीवर पहिल्या काती होतात. तोवर आई त्यांच्याभोवती वेटोळं घालून, पोटाशी धरून बसते. अंडी जमिनीला टेकू देत नाही, बुरशी धरू नये म्हणून चाटत राहते आणि या काळात स्वतः उपाशी असते. कुणी दगड उचलून तिला डिवचलं, तर बऱ्याचदा ती अंडी टाकून जाते किंवा खाऊनही टाकते. म्हणून असं वेटोळं दिसलं तर दगड हलकेच परत ठेवावा.

कात डोक्यापाशी उकलते आणि गोम पुढे सरकत जुन्या कवचातून अंग सोडवते. नवं अंग फिकट, मऊ असतं. ते टणक होईपर्यंत ती दडून राहते. गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही, असं आपण म्हणतो. खरं तर तुटलेला पायही पुढच्या कातींत पुन्हा उगवतो.

गोमेला शंभर पाय असतात म्हणे, त्या शंभरीचं मात्र काही खरं नाही. वाढ पुरी झालेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या विषमच असतात: 15, 21, 23. शंभर पायांना 50 जोड्या लागतील, आणि 50 ही सम संख्या. युरोपच्या किनाऱ्यावरच्या स्ट्रिगॅमिया या गोमेच्या भ्रूणात शरीराचे बरेचसे खंड दोन-दोन करून आखले जातात, असं 2004 मध्ये दिसून आलं. मग पायांच्या जोड्या विषम कशा? डोक्यामागची पहिली जोडी विषारी नांगी बनते. तीही धरली, तर गणित समच भरतं.