तोंडाची फाइल वेगळी का?

भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने वर्तवला. त्यानंतर आहार, व्यायाम आणि औषधे यांवर पुष्कळ चर्चा झाली. हिरड्यांचा विषय मात्र क्वचितच निघाला. दात घासताना रक्त येणे हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. फार तर मीठ-तेल चोळायचे आणि दात हलू लागला की काढून टाकायचा.

वस्तुतः दातांच्या मुळांशी साचलेल्या किटणात जंतू ठाण मांडतात, हिरडी दातापासून सुटू लागते आणि वर्षानुवर्षे धुमसणारा दाह सुरू होतो. त्याचे परिणाम रक्तावाटे शरीरभर पोहोचतात आणि इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येतो. उलटपक्षी, वाढलेली साखर हिरड्यांची झीज वेगाने घडवते. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शवणारा एचबीए१सीचा आकडा सुमारे ०.४ ने, उदाहरणार्थ ८ वरून ७.६ पर्यंत, उतरतो. एखाद्या जादा गोळीचा लाभ याहून फार मोठा नसतो.

हृदयविकाराबाबत मात्र मी सावध राहीन. दोन्ही आजार एकत्र आढळतात हे खरे. पण एकामुळे दुसरा होतो याचा पुरावा नसल्याचे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केले होते. या सावधगिरीला इतिहासाचाही आधार आहे. १९१० मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातील जंतुदोषाला अनेक व्याधींचे मूळ ठरवले. पुढील दोन-तीन दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही सरसकट दात उपटले गेले. तो सिद्धान्त कोसळल्यावर वैद्यकाने तोंडाकडे पाठच फिरवली, असे माझे वाचन सांगते.

आपल्या प्रशासनाने हीच फारकत कायम ठेवली. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्ये स्वतंत्र झाला. मधुमेह, हृदयरोग व कर्करोग यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आला. मौखिक आरोग्याचा २०१४ मध्ये, वेगळ्या फायलीतून. सेवेत असताना अशा समांतर फायली मी पुष्कळ पाहिल्या. त्या एकमेकींना भेटतात त्या केवळ अर्थसंकल्पाच्या बैठकीत, तेही प्रतिस्पर्धी म्हणून.

विशेष म्हणजे भेटीची जागा तयार आहे. तिशी ओलांडलेल्यांच्या सरकारी तपासणीत साखर मोजली जाते आणि मुखकर्करोगासाठी तोंडही उघडून पाहिले जाते. विजेरीचा झोत त्याच क्षणी हिरड्यांवरही पडतो. रक्तस्राव, सूज, हलणारे दात एवढी नोंद झाली आणि मधुमेहीला दंतवैद्याकडे पाठवण्याचा नियम झाला, तर नवी योजना लागणार नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. दंतवैद्य शहरांत एकवटले आहेत. आयुष्मान भारतचा विमा रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी. किटण काढायला कोणी दाखल होत नाही, म्हणून तो खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. १९४८ च्या कायद्याने दातांची स्वच्छता करणाऱ्या ‘डेंटल हायजीनिस्ट’ या वर्गाला तेव्हाच मान्यता दिली आहे. ही पदे तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत भरायची की नाही, हे राज्यांच्या वित्त विभागांनी ठरवायचे आहे.