‘नुसती थिअरी’ म्हणजे काय?

‘उत्क्रांतिवाद ही अखेर एक थिअरीच,’ हें वाक्य सुशिक्षित घरांतही वारंवार ऐकूं येतें. बोलणाराच्या मनांत थिअरी म्हणजे अंदाज असतो. दारांतली छत्री कोणीं नेली असेल, याविषयींच्या तर्कासारखा. नांवांतला ‘वाद’ हा शब्द या गैरसमजांत भरच घालतो.

शास्त्रांत नुसत्या सुचलेल्या तर्काला गृहीतक म्हणतात. अनेक वस्तुस्थितींची संगति जी एका सूत्रानें लावते, जिच्यावरून नवीं अनुमानें निघतात आणि जी कसोटीला वारंवार उतरते, ती उपपत्ति. थिअरी ती हीच. रोगजंतूंपासून रोग होतात, हीही थिअरीच आहे. पण तेवढ्यावरून कोणी शल्यवैद्य हात न धुतां शस्त्रक्रियेला उभा राहत नाहीं.

उत्क्रांतीच्या बाबतींत दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्या लागतात. जीवजाती बदलत आल्या, ही खडकांतील अवशेषांनीं दाखविलेली वस्तुस्थिति. तो बदल कसा घडतो, हें सांगते ती उपपत्ति; नैसर्गिक निवड हें तिचें मुख्य सूत्र. त्यावरील डार्विन व वॉलेस यांचे निबंध १८५८ सालीं लंडनच्या लिनिअन सोसायटींत वाचले गेले.

पुढें १८६२ सालीं मादागास्कर बेटांतलें एक ऑर्किडचें फूल डार्विनच्या हातीं आलें. त्याची मधुनलिका जवळजवळ फूटभर लांब, आणि मध केवळ तळाशीं. तेव्हां तितक्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असला पाहिजे, असें त्यानें लिहिलें. कांहीं कीटकशास्त्रज्ञांनीं त्याची थट्टा केली. वॉलेसनें १८६७ सालीं कारण विशद केलें: लांब सोंडेला मध अधिक मिळतो, आणि खोल नलिकेच्या फुलाशीं पतंगाला अगदीं भिडावें लागल्यानें पराग चांगले वाहिले जातात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दोहोंचीही लांबी वाढते. डार्विन १८८२ सालीं वारला. तसा पतंग शास्त्रज्ञांनीं वर्णिला तो १९०३ सालीं.

याच डार्विननें १८६८ सालीं आनुवंशिकतेविषयीं एक गृहीतक मांडलें होतें. शरीराच्या प्रत्येक भागांतून सूक्ष्म कण निघून संततींत उतरतात, असें तें सांगे. त्याच्याच नात्यांतल्या गाल्टननें एका सशाचें रक्त दुसऱ्यांत घालून पाहिलें. पिलांत अपेक्षित फरक दिसला नाहीं. मेंडेलचे नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले, आणि तें गृहीतक मागें पडलें. डार्विनचें नांव त्याला तारूं शकलें नाहीं.

पुरावा वाढला म्हणून उपपत्तीला पुढें दुसरी पदवी मिळत नाहीं. शास्त्रांतील तीच वरची पायरी. यास्तव एखाद्या विधानाला थिअरी म्हटलें कीं तें कोणत्या कसोट्यांतून गेलें आहे, एवढें विचारणें उचित.